पाण्यापासून दोन पायऱ्या वर

सकाळी डोळे उघडले की चहाच्याही आधी ते गच्चीवर जायचे. हातात शिशाचा गोळा बांधलेली दोरी, दोरीला दर वितीला एक गाठ. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण सरकवायचं, गोळा आत सोडायचा, तळाला टेकला की बोटांना कळायचं, मग दोरी वर ओढून ती कुठपर्यंत भिजली ते बघायचं. टाकीला बाहेरून काचेची नळी होती. पाणी किती आहे ते शेंबड्या पोरालाही तिच्यात दिसलं असतं. पण नळीवर त्यांचा विश्वास नव्हता. "नळी पाणी दाखवते, खोली सांगत नाही," असं ते म्हणायचे, आणि याचा अर्थ काय हे बायकोने चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं. जिना उतरता उतरता ते आकडा जाहीर करायचे. "सहा विती, चार बोटं!" दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई दार किलकिलं करून विचारायच्या, "म्हणजे आज चादरी धुऊ ना?" आणि वर स्वयंपाकघरातून बायको नुसतं म्हणायची, "हं."

धंद्याने ते कवळ्या बनवायचे. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. तिथे प्लास्टरचे जबडे फळीवर ओळीने वाळत पडलेले, खोट्या दातांचे ट्रे पांढऱ्यापासून पिवळट रंगापर्यंत क्रमाने लावलेले, आणि कोपऱ्यात हिरड्यांचा गुलाबी मसाला शिजवायचं पातेलं. "या शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू माझ्या हातचं आहे," ते सांगायचे. "उरलेले निम्मे हसत नाहीत, त्याला मी काय करू?" उरलेला गुलाबी मसाला ते फेकत नसत. बुचाच्या छोट्या तुकड्यावर त्याचा थर देऊन, घासून, चकाकी आणून गळाच्या दोरीवरचे तरंगते बोये करायचे. दर रविवारी शहराबाहेरच्या तलावावर दोघांच्याच काठ्या असायच्या, आणि पाण्यावर नाचणारे हिरड्यांच्या रंगाचे बोये लांबून ओळखू यायचे.

दुसरी काठी बगळ्याची. बगळा म्हणजे रिटायर झालेला पोस्टमन. पाय लांब, मान लांब, आणि तासन्‌तास एका पायावर भार देऊन उभं राहायची सवय, म्हणून हे नाव. त्याची कवळीसुद्धा यांनीच केलेली.

बायको कधी तलावावर गेली नाही. पाणी घोट्याच्या वर आलं की तिचा श्वास अडकायचा. तिचं सगळं आयुष्य कोरड्या जागी, एका उंच स्टुलावर गेलं होतं. मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर ती ऑपरेटर होती. बाहेरून फोन आला की दिवा लागायचा, ती म्हणायची, "हॉस्पिटल, बोला," आणि ज्याला जे हवं ते जोडून द्यायची. नियम एकच होता: विचारायचं नाही, जोडायचं. तरी जोडण्याआधीची दोन-तीन वाक्यं कानावर पडायचीच. एवढ्या वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. माणसं किंचाळतात तेव्हा अजून वेळ असतो. हळू बोलतात तेव्हा घाबरायचं.

निवृत्तीला महिना राहिला होता. रविवारची ड्यूटी, दुपारचे बारा. दिवा लागला.

"हॉस्पिटल, बोला."

"बाई, इमर्जन्सीला जोडा," आवाज हळू होता. "माणूस पाण्यात पडलाय. बसल्या बसल्या मान टाकली हो, सरळ तोंडावर गेला. काढलाय बाहेर. श्वास आहे… श्वास आहे वाटतं."

बसल्या बसल्या, सरळ, श्वास. प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी वाजत होती. नव्या कवळीची शिट्टी. "बगळ्याचा 'स' अजून उडतोय, पुढचा दात जरा घासायला हवा," असं आदल्याच दिवशी तिच्या नवऱ्याने चहा पिताना म्हटलं होतं.

बगळ्याने तिला ओळखलं नाही. बोर्डावर तिचा आवाज वेगळा असायचा, सपाट, कोणाचाही नसलेला. त्याच आवाजात ती म्हणाली, "जोडून देते. लाइन सोडू नका." आणि जोडलं.

दिवा पेटलेला राहिला. एक कळ दाबली असती तर तिला ऐकता आलं असतं. ते नियमात बसत नव्हतं, पण तिला अडवलं ते नियमाने नाही. कानाला लावलेल्या यंत्रात आता काय ऐकू येईल याची तिला इतकी भीती वाटली की तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मध्येच दुसरा दिवा लागला. कोणीतरी विचारलं, पेशंटला भेटायची वेळ काय? तिने सांगितलं, चार ते सहा. पहिला दिवा विझला तेव्हा चार मिनिटं झाली होती. तिने इमर्जन्सीच्या सिस्टरला लाइन लावली. "तलावावरचा फोन होता ना? गाडी गेली का?"

"कुठली गाडी! उठून बसला म्हणे तो. नको म्हणतोय, नावही सांगत नाही. का गं? तुझ्या ओळखीचा?"

"नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी आली तर ते दारात बसून मोजे पिळत होते.

"घसरलो," ते म्हणाले. "शेवाळ फार झालंय काठाला."

"लागलं का?"

"छे. अब्रूला जरा खरचटलंय."

ती आत गेली, चहा टाकला. आता सांगतील, मग सांगतील, असं म्हणत तिने दूध उतू घालवलं. ते काही बोलले नाहीत. आणि 'मला माहीत आहे' हे शब्द तिच्याही तोंडून निघाले नाहीत. बोललं की ती गोष्ट घरात राहायला येईल असं तिला वाटत होतं. न बोलता ती निदान तलावावर तरी होती. त्या दिवसापासून मात्र भीती तिच्या कानात राहायला आली. ते न्हाणीघरात गेले आणि पाण्याचा आवाज थांबला, की हिचा हात लाटण्यावर थांबायचा. मग तांब्या आपटायचा, आणि हात पुन्हा चालू.

त्याच वर्षी दोघंही निवृत्त झाले आणि त्याच वर्षी इमारत पाडायची ठरली. सहा महिन्यांत जागा शोधायची होती. त्यांना काही विचारायची सोयच नव्हती. चाळीस वर्षं रविवारची वाट बघितलेला माणूस, त्याला आता सगळे दिवस रविवार मिळणार होते.

"पाण्याकाठी घ्यायचं," ते म्हणाले. "मग तू म्हणशील तसं. रंग तुझा, पडदे तुझे, खोल्या किती ते तू ठरव."

पहिलं घर त्याच तलावाकाठी होतं. दलाल त्यांना खोल्या दाखवायला लागला तर हे मागच्या दाराने थेट पाण्यावर गेले आणि खिशातून दोरी काढली.

"साहेब, बाथरूम बघून घ्या की," दलाल मागून ओरडला.

"मासे आहेत का त्यात?"

ते दोरी मोजत होते, तोवर ती दारात उभी राहून घड्याळ बघत होती. बसने इथवर यायला एक तास दहा मिनिटं लागली होती. हॉस्पिटलची गाडी म्हणजे पन्नास. खोल्या तिनेही बघितल्या नाहीत. दलाल बिचारा दोन वेड्यांच्या मध्ये किल्ल्या वाजवत उभा. "हे लांब पडतं," ती म्हणाली. "कशापासून?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "बाजारापासून."

दुसरं घर नदीवर होतं. बैठं, तीन खोल्यांचं, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. तिने वरूनच मोजल्या. अकरा. ते शेवटच्या पायरीवर जाऊन बसले, गोळा सोडला, आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. ती खिडकीच्या गजाला धरून त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मान ताठ आहे ना, एवढंच. शेवटी ते वर आले तेव्हा गुडघ्यांना माती होती आणि चेहरा असा, की लेक झाली त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या चढून आले होते तेव्हाच तिने तो बघितला होता.

"नऊ विती. आणि तळ मऊ. काठाला नऊ विती, अगं!"

"गाडीला चाळीस मिनिटं लागतील," ती म्हणाली.

"कसली गाडी?"

"भाजीची," ती म्हणाली आणि कुलूप लावायला वळली. चाळीस मिनिटं म्हणजे काय ते तिला बोर्डावरून ठाऊक होतं. चाळीस मिनिटांच्या फोनला ती त्याच सपाट आवाजात 'गाडी निघाली आहे' असं सांगायची, आणि पलीकडचा माणूस 'थँक्यू' म्हणायचा.

तिसरी जागा लेकीने सुचवली, तिच्याच शहरात, तिच्याच इमारतीत, नवव्या मजल्यावर. समोर हॉस्पिटल. "आई, रस्ता ओलांडला की झालं. लिफ्ट आहे, वॉचमन आहे, मी आहे. बाबांना काय, नदी हवी तर बसने जातील महिन्यातून एकदा. आधी महिनाभर राहून तर बघा." लेकीला तलावावरचं काही माहीत नव्हतं. तिला नुसतं आई-बाप जवळ हवे होते. पण आईने इतक्या चटकन 'हो' म्हटलं की लेकच चकित झाली.

ते आले. नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. त्या इमारतीत गच्चीला कुलूप असायचं, म्हणून सकाळी ते दोरी खिशात घालून नुसतेच खोलीत फिरायचे. आकडा नाही, काही नाही. दहाव्या दिवशी ते सकाळचे कुठेतरी जायला लागले आणि जेवायच्या वेळी परतायला लागले. ती मागोमाग गेली. रस्ता ओलांडून ते समोरच्या हॉस्पिटलात शिरले. लपूनछपून औषधपाणी चाललंय की काय? आत बघते तर पेशंट बसतात त्या हॉलमध्ये एक काचेची पेटी होती, तिच्यात सात-आठ रंगीत मासे, आणि समोरच्या खुर्चीवर हे. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आजोबा, पेशंटचं नाव काय?"

"तो शेवटून दुसरा," ते म्हणाले. "जरा वाकडा पोहतोय बघा. दाखवा कुणाला तरी."

ती तशीच मागे फिरली. हसू आलं होतं, पण जिभेवर कडवट चव होती.

आणि मग तो गुरुवार. लेक कामावर गेलेली. ती पिळलेले कपडे घेऊन गॅलरीत आली, आणि दारातच थिजली. ते कठड्यावर पालथे वाकले होते. पोट कठड्यावर, चपला खाली सुटलेल्या, पायांचे अंगठे तेवढे जमिनीला. दोन्ही हात बाहेर. दोरी पुरली नव्हती म्हणून त्यांनी तिला तंगूस जोडला होता, तो गळाचा पातळ, पारदर्शक धागा, आणि नऊ मजले खाली ते शिशाचा गोळा सोडत होते.

हाक मारली तर दचकतील. धावलं तर दचकतील. तिच्या तोंडून आवाज निघाला तो घरातला नव्हता, बोर्डावरचा होता.

"लाइनवर राहा. सोडू नका."

"हं," ते खालीच बघत म्हणाले. "आलं, आलं. टेकलं."

ओले कपडे तिने कधी टाकले ते तिला आठवत नाही. तिने मागून त्यांचा कमरेचा पट्टा धरला, दोन्ही मुठींनी, आणि ओढलं. दोघंही गॅलरीच्या फरशीवर बसले. तंगूस त्यांच्या बोटांत होता.

"एकशे अठरा विती," ते म्हणाले. "तळ कडक आहे." आणि तिचा चेहरा बघून, "अगं, काय झालं?"

"त्या रविवारी लाइन मी जोडली होती," ती म्हणाली. "बगळ्याचा फोन मीच घेतला."

खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. ते गाठी मोजल्यासारखे दोरीवरून बोटं फिरवत राहिले.

"म्हणजे आठ महिने तुला ठाऊक आहे."

"हो."

"आणि मी शेवाळाची थाप मारत बसलो."

"तुम्हाला काय झालं होतं?"

"तेच तर कळत नाही." आता त्यांचा आवाज हळू झाला, आणि ती घाबरली. "चक्कर नाही, दुखणं नाही. बोया बघत होतो. आणि पुढचं दिसलं ते एकदम बगळ्याचे दात. तोंडावर वाकला होता माझ्या. म्हटलं, फिटिंग बरं झालंय." ते हसले नाहीत. "मधलं काहीच नाही. दिवा विझवावा तसं. मी त्याला घाबरतो. पण तुम्ही दोघी मिळून पाणी बंद कराल, याला जास्त घाबरत होतो."

तिने पट्टा अजून सोडला नव्हता.

समोरच्या हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या. वायरी लावल्या, फिरत्या पट्ट्यावर चालवलं, डोक्याचे फोटो काढले. यंत्रांना काही सापडलं नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण खोटं बोलल्या नाहीत. "पुन्हा होईल, किंवा कधीच होणार नाही. एकटं सोडू नका, एवढंच सांगू शकते."

त्या संध्याकाळी तिने लेकीला सांगितलं की नदीवरचं घर घ्यायचं.

"आई, तू शुद्धीवर आहेस ना? आता तर सगळं कळलंय, आणि तू त्यांना पाण्याच्या तोंडाशी नेऊन बसवणार?"

"इथून खाली पडायला तीन सेकंद लागतात," ती म्हणाली. "आणि समोरच्या हॉस्पिटलला रस्ता ओलांडायला सहा मिनिटं. सिग्नल फार वेळ लाल असतो. मी मोजलंय."

"इथे गॅलरीला जाळी लावू."

"जाळीत तुझे बाबा किती दिवस राहतील?"

लेक रडली, भांडली, दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी सामान बांधायला आली. "तुला भीती नाही वाटत का गं?" तिने वर्तमानपत्रात कप गुंडाळता गुंडाळता विचारलं.

"दुसरं काही वाटतच नाही," आई म्हणाली.

खरंच वाटत नव्हतं. नदीकाठची पहिली रात्र तिने पाण्याचा आवाज ऐकत काढली आणि सकाळी ती दोरी घेऊन कामाला लागली. गॅलरीत पट्टा धरला होता तेव्हाच तिच्या मुठींना ते सुचलं होतं. जाड सुती दोरीचं एक टोक तिने स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला बांधलं. दुसऱ्या टोकाला लोखंडी कडी, ती त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात अडकायची. गजाजवळ दोरीला एक छोटी घंटा लावली, मासा लागला की कळावं म्हणून काठीच्या टोकाला लावतात ती, त्यांच्याच डब्यातली. मग तिने त्यांना पायऱ्यांवर उतरवलं आणि दोरी कापली. नवव्या पायरीपर्यंत पोचेल एवढीच. पाणी अकराव्या पायरीला लागत होतं.

"दर पंधरा मिनिटांनी मी एकदा ओढणार," तिने सांगितलं. "तुम्ही दोनदा ओढायचं. घंटा दोनदा वाजली की लाइन चालू."

"आणि मासा लागलेला असला तर?"

"तर मासा जाईल."

त्यांनी पट्ट्याच्या कडीकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, वर खिडकीकडे बघितलं. "म्हणजे शेवटी मलाच गळाला लावलंस."

"आमिष तुमचं तुम्हीच निवडलंत."

बगळा पहिल्यांदा आला तेव्हा हे बघून इतका हसला की कवळी हातात घ्यावी लागली. "वहिनी, लहान मासा असेल तर परत सोडून द्यायचा असतो बरं का!" पण निघताना दारात त्याने तिचा हात धरला आणि 'स' न येणारे दोनच शब्द बोलला, "बरं केलंत."

सकाळचा आकडा पुन्हा सुरू झाला. चहाच्या आधी ते पायऱ्या उतरायचे, कडी लावूनच, गोळा सोडायचे आणि खालून ओरडायचे. "नऊ विती, दोन बोटं!" ती 'हं' म्हणायची आणि दारामागच्या कॅलेंडरवर लिहायची. तेवढं लिहिलं की दिवस जागेवर बसल्यासारखा वाटायचा. चार महिने असे गेले. भीती होतीच, पण आता तिला वेळापत्रक होतं. ओढायची, दोन ठोके, चौदा मिनिटं श्वास. पंधराव्या मिनिटाला पुन्हा हात दोरीवर.

मग वरच्या धरणातून पाणी सोडायला लागले. नदी रोज थोडी थोडी चढली. "दहा विती!" "दहा विती, पाच बोटं!" "अकरा!" ते खुशीत होते, मोठे मासे काठाला येत होते. दहावी पायरी पाण्यात गेली, नववी गेली, आठवी भिजली. ते खुर्ची एकेक पायरी वर घेत सहाव्या पायरीवर आले. ती रोज आकडा लिहीत होती. ते रोज आकडा ओरडत होते.

त्या दिवशी साडेदहाला तिने दोरी ओढली. घंटा वाजली नाही. तिने पुन्हा ओढली. दोरी सैल आली, हातभर, दोन हात. तिचे कान एकदम बंद झाले. नदीचाही आवाज नाही.

मागच्या दारातून तिला खुर्ची दिसली, आडवी. ते खुर्चीत नव्हते. ते पाण्यात होते, छातीपर्यंत, चेहरा एका अंगाला झुकलेला, गाल पाण्याला टेकलेला. दोरीचा सैल फास खुर्चीच्या पायाला गुंडाळला गेला होता आणि खुर्ची पायरीवरच्या, नाव बांधायच्या जुन्या लोखंडी कडीत अडकली होती. केवळ म्हणून ते तिथे होते.

ती पायऱ्या कशा उतरली देव जाणे. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. श्वास अडकायला वेळच नव्हता. तिने मान उचलून धरली, पट्टा धरला आणि ओढलं. एक पायरी. मग दुसरी. ते जड होते, कपडे भिजून आणखी जड. ती त्यांच्या कानाशी एकसारखं बोलत होती, त्याच सपाट आवाजात, "लाइनवर राहा. लाइनवर राहा. मी आहे लाइनवर." पाचव्या पायरीवर त्यांनी डोळे उघडले.

"केवढा होता?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"मासा."

"सत्तर किलो," ती म्हणाली, आणि मग तिचे दात जे वाजायला लागले ते अर्धा तास थांबेनात.

कपडे बदलून, अंगावर घोंगडी घेऊन दोघं स्वयंपाकघरात बसले होते तेव्हा तिची नजर दारामागच्या कॅलेंडरवर गेली. नऊ. सव्वानऊ. दहा. अकरा. साडेअकरा. सगळं तिच्याच अक्षरात. नदी तीन पायऱ्या वर आली होती आणि दोरी अजून नवव्या पायरीचीच होती. एकाने पाणी मोजलं होतं, एकीने दोरी. चाळीस वर्षं एका घरात राहून दोघांपैकी एकालाही दोन आकडे शेजारी ठेवायचं सुचलं नव्हतं.

त्यांनीही तिकडे बघितलं. "मी ओरडून सांगत होतो," ते म्हणाले.

"मी लिहून घेत होते," ती म्हणाली.

आता हे घर सोडू या, असं ते म्हणाले. ते पहिल्यांदाच म्हणाले, आणि मनापासून. ती उठली, खिडकीजवळ गेली आणि दोरीला गाठी मारायला लागली, दर पायरीच्या अंतराला एक. दुसऱ्या दिवसापासून रीत बदलली. ते आकडा आणि भिजलेली पायरी सांगायचे, ती त्या हिशेबाने दोरी गजावर आखूड करायची किंवा सोडायची. नेहमी पाण्यापासून दोन पायऱ्या वर. कडी आता कमरेच्या पट्ट्यात नाही, छातीभोवतीच्या रुंद पट्ट्यात. पाण्यात तोंड पोचणार नाही अशी. आणि तो पट्टा रोज ती स्वतः बांधायची.

अशी तीन वर्षं. तीन वर्षांत तिची भीती गेली नाही. उलट अंगवळणी पडली, म्हणून जास्त बारीक झाली. घंटेच्या पहिल्या आणि दुसऱ्या ठोक्यामधल्या अंतरावरून ते खुशीत आहेत की कंटाळलेत, हेसुद्धा तिला कळायला लागलं. ते आणखी दोनदा असेच विझले, दोन्ही वेळा कोरड्यात, दोन्ही वेळा ती पोचेपर्यंत डोळे उघडून बसलेले. "हॅलो, नदी बोलतेय," ते वर बघून म्हणायचे.

शेवटचा दिवस मंगळवार होता. साडेआठला दोन ठोके आले. पावणेनऊला दोन ठोके आले. नऊला एकही नाही. दोरी ओढली तर ताठ लागली, आखूड आणि ताठ, जशी तिने बांधली होती तशी. त्या दोरीवरूनच तिला कळलं की ते पाण्यात नाहीत. ती सावकाश उतरली. ते खुर्चीत होते, मान छातीवर, कपडे कोरडे ठणठणीत. पाणी दोन पायऱ्या खाली होतं. त्यांच्या पायाशी काठी आडवी पडलेली, आणि पुढे पाण्यावर गुलाबी बोया अजून वरखाली होत होता. तिने त्यांच्या नाकापुढे हात धरला, तो धरूनच ठेवला. मग वर येऊन फोन लावला. पलीकडची ऑपरेटर म्हणाली, गाडी निघाली आहे. ती म्हणाली, "थँक्यू."

लेक दुपारी पोचली. बगळाही आला आणि बाहेरच्या ओट्यावर लांब पाय पोटाशी घेऊन बसला. लेकीने खिडकीच्या गजावरची दोरी बघितली, गाठी बघितल्या, कॅलेंडर बघितलं. मग आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून विचारलं, "काही म्हणाले का गं? शेवटचं काही?"

ती आठवत राहिली. खालून आकडा आला होता, दहा विती, तीन बोटं, दहावी पायरी. तिने दोरी दोन गाठी आखूड केली होती. न्याहारीला उकडलेले बटाटे आणि अंडी झाली होती. मग ते दारात पाठमोरे उभे राहिले होते, हात वर करून, आणि ती छातीचा पट्टा बांधत होती, रोजच्यासारखा ओढून.

"म्हणाले, जरा सैल बांध गं, बटाटे जास्त झालेत."